लग्नाची गोष्ट कुणाला सांगायची? एका जोडप्याचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या दोघांनी ते लिहायला परवानगी दिली आहे. कुणाची ओळख पटेल असे तपशील मी काढले किंवा बदलले आहेत. मी मुलीची मैत्रीण, आणि संपादन हे माझे रोजचे काम. त्यामुळे मी या सगळ्यात बाहेरची नव्हते, आणि जिथे माझा सल्ला चुकला तिथे तसे लिहिले आहे.

पार्श्वभूमी

मुलीच्या आजीच्या लग्नाचा एकच फोटो घरात आहे. मागच्या रांगेत पाच माणसे उभी आहेत. ती कोण, हे घरात आता कुणालाच सांगता येत नाही. आजी होती तोवर कुणाला विचारायचे सुचले नाही. स्वतःचे लग्न ठरल्यावर मुलीने तो फोटो पुन्हा काढून पाहिला आणि ठरवले, की आपल्या लग्नाची नोंद शब्दांत ठेवायची. समारंभाचे फोटो निघतीलच. तिला हवी होती ती तयारीची गोष्ट : कोण कशावरून भांडले, कुणी कशासाठी हट्ट धरला, कोणता निर्णय कसा झाला.

लग्नाला सात महिने होते. दोघे वेगवेगळ्या शहरांत नोकरीला, दोन्हीकडचे नातेवाईक लांब लांब पांगलेले. जे तयारीत हात लावू शकत नाहीत त्यांना निदान वाचून तरी आपण सामील आहोत असे वाटेल, हा दुसरा हेतू. दोन्ही हेतू चांगलेच होते, पण ते एक नव्हते. आठवण राहावी म्हणून लिहिताना खरे आणि सगळे लिहावे लागते. नात्यातल्यांना सामील करून घ्यायला लिहिताना निवडून लिहावे लागते. हा फरक तेव्हा तिच्या लक्षात आला नाही, आणि माझ्याही नाही.

अडचण

तिने पहिला लेख एका बैठकीत लिहिला : लग्न कसे ठरले, घरी सांगताना काय झाले. दोन्ही घरच्या मिळून सुमारे सव्वाशे जणांना तो फोनवरून पाठवला. कौतुक झाले. कितीतरी जणांनी ‘पुढचा कधी?’ म्हणून विचारले. त्या उत्साहात आठवड्याभरात दुसरा लेख गेला. तो पाहुण्यांच्या यादीबद्दल होता.

यादी तीनशेवरून एकशे चाळीसवर कशी आणली, हे तिने त्यात मनापासून आणि छान लिहिले होते. नाव कुणाचेच नव्हते. पण कसोटी काय लावली ते होते : गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याशी एकदाही बोलणे झालेले नाही, ती नावे आधी गाळली.

मुलाची आत्या दोन वर्षांपासून आजारी नवऱ्याच्या सेवेत घराबाहेर पडली नव्हती. कुणाला फोन करायला तिला वेळ नव्हता, आणि घरची परिस्थिती माहीत असल्यामुळे तिला कुणी त्रास देत नव्हते. तिने लेख वाचला आणि मुलाच्या आईला फोन केला. “वहिनी, मला बोलवायचं नसेल तर तसं सरळ सांगा. असं सगळ्यांना वाचायला देऊ नका.”

आत्याचे नाव यादीत होते. अगदी पहिल्या पानावर. ते तिला कुणी सांगितलेले नव्हते, एवढेच.

त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी झाल्या. लेखासोबतच्या एका फोटोत टेबलावर सभागृहाचा करार पडलेला होता आणि त्यावरचा घरचा पत्ता व फोन नंबर मोठा करून वाचता येत होता. हे एका भाच्याने दाखवून दिले म्हणून कळले. दुसरी गोष्ट जास्त खोल होती. मुलगा तिला म्हणाला, “माझ्या घरच्यांबद्दल तू लिहितेस आणि उत्तरं मला द्यावी लागतात.” गोष्ट दोघांची, पण सांगणारी एकटी ती. तोपर्यंत त्याने एक ओळही लिहिली नव्हती, आणि पाठवण्याआधी वाचायलाही मागितले नव्हते.

पहिला निर्णय : माफी कशी मागायची

तिला लगेच सगळ्यांना खुलासा पाठवायचा होता. मसुदा तयार होता, त्यात प्रामाणिकपणा होता, भाषा नम्र होती. मी नको म्हटले. खुलासा सव्वाशे जणांना गेला असता, आणि त्यातल्या बहुतेकांना कुणी दुखावले आहे हे माहीतच नव्हते. मग ‘कोण बरं?’ अशी चौकशी सुरू झाली असती आणि शोध थेट आत्याच्या दारापाशी जाऊन थांबला असता.

लिहून झालेली चूक लिहूनच दुरुस्त करावी असे लिहिणाऱ्याला नेहमी वाटते, कारण त्याच्या हातात तेच हत्यार असते. इथे प्रत्यक्ष जाणे हाच मार्ग होता. दोघे गेले. मुलाने यादीचा तो कागद सोबत नेला आणि नाव दाखवले. आत्याने कागद पाहिला आणि म्हणाली, “मी यादीत आहे हे मला माहीत नव्हतं रे. पण जे नाहीत, त्यांनीही ते वाचलंच की.”

त्या वाक्याने प्रश्नच बदलला. तोवर आम्ही तिघेही ‘एक गैरसमज झाला’ असे धरून चाललो होतो. आत्याने दाखवले, की गैरसमज झाला नसता तरी लेख चूकच होता. सव्वाशे वाचकांत गाळलेली माणसेही होती, आणि आपण का गाळले गेलो याचे कारण त्यांना सगळ्यांसोबत वाचायला मिळाले होते.

समोरचे पर्याय

लिहिणे बंद करणे, हा पहिला पर्याय मुलाच्या आईने सुचवला. तो सोपा होता, पण मग आजीच्या फोटोसारखेच होणार होते.

दुसरा पर्याय मुलीला मनापासून आवडला होता : नावे बदलून इंटरनेटवर सर्वांसाठी उघडे लिहायचे. अनोळखी वाचक तटस्थपणे वाचतील, त्याच वाटेवरच्या इतर जोडप्यांना उपयोग होईल, असे तिचे म्हणणे. त्यात तथ्य होते. पण नावे बदलून ओळख लपते ती अनोळखी माणसापासून. आत्याला स्वतःला ओळखायला नावाची गरज पडली नव्हती. शिवाय उघड्यावर गेलेला मजकूर आपण काढला तरी त्याच्या प्रती इतरांकडे राहतात. लग्नापूर्वीच्या सात महिन्यांत मन रोज बदलते. त्या काळातले आपले प्रत्येक मत कायमचे बाहेर ठेवायची तिची तयारी आहे का, असे मी विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग हा पर्याय तिने स्वतःच बाजूला ठेवला.

तिसरा पर्याय माझा होता : फक्त फोटो आणि खाली दोन ओळी. कमी शब्द, कमी धोका. मी त्याचा आग्रह धरला आणि तो सल्ला चुकीचा होता. करार फोटोतूनच दिसला होता, शब्दांतून नाही. आणि मागच्या रांगेतली माणसे कोण हे फोटो सांगत नाही, म्हणून तर हे सगळे सुरू झाले होते.

चौथा पर्याय बोलता बोलता मुलाने काढला. दोन वेगळ्या जागा ठेवायच्या. एक वही फक्त दोघांची, तिथे सगळे. आणि त्यातून निवडून, मोजक्या माणसांना ठराविक दिवसांनी एक पत्र. हा पर्याय निवडला गेला. तो त्याच्याकडून आला याचे मला आजही महत्त्व वाटते, कारण त्या दिवसापासून तोही लिहू लागला.

काय केले

सुरुवात वाचकांपासून केली. ‘नातेवाईक’ असा मोघम शब्द न ठेवता नावे लिहून काढली. अडतीस झाली. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न : हे पत्र या माणसाच्या हातात पडल्यावर त्याला काय वाटावे असे आपल्याला वाटते? उत्तर सुचले नाही तर नाव गाळायचे. लग्नाला येणार नसलेली सहा माणसेही या अडतीसांत होती, आणि त्यांना तसे आधीच फोनवर सांगितले होते. पाहुण्यांची यादी आणि वाचकांची यादी वेगळी ठेवणे हा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

मग नियम ठरले. ज्याचा उल्लेख आहे त्याने आधी वाचायचे, त्यासाठी दोन दिवस द्यायचे, आणि त्याने नको म्हटले तर कारण विचारायचे नाही. पैसा, पाहुण्यांची निवड, कुणाचे आजारपण आणि कुणाची जुनी नाती हे विषय पत्रात यायचे नाहीत. दोघांनी वाचल्याशिवाय पत्र जायचे नाही. लांबी आठशे शब्दांपर्यंत.

पत्र आधी दर आठवड्याला पाठवायचे ठरले होते. तिसऱ्याच आठवड्यात ते ओझे झाले, म्हणून दर तीन आठवड्यांनी केले. नियम मोडण्याऐवजी बदलला, आणि तो बदल वाचकांनाही कळवला.

वहीत मात्र रोज लिहायचे, पाचच ओळी, त्याच रात्री. या आग्रहामागे कारण होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये निष्कर्ष मांडले. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि नंतर मंदावते. लग्नाच्या तयारीत काय ठरले ते लक्षात राहते, कारण ते अमलात येते. का ठरले आणि कोण काय म्हणाले ते आधी जाते, आणि तिला नेमके तेच हवे होते.

वही फक्त दोघांचीच ठेवण्यामागेही नुसती गुप्तता नव्हती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातल्या क्लेशदायक अनुभवांबद्दल लिहिले होते. त्यातून मनातले कागदावर मांडण्याच्या परिणामांवर संशोधनाची मोठी परंपरा सुरू झाली. तसे लिहायचे तर कुणाला काय वाटेल हा विचार बाजूला ठेवावा लागतो. मुलीने यादीचा लेख लिहिला तेव्हा तिला खरे तर हेच हवे होते : नावे गाळताना झालेला त्रास कुठेतरी ओतायचा होता. जागा चुकली.

फोटोंचे काम मुलाने घेतले. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ असते, आणि स्थाननोंद सुरू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही. ही माहिती साठवण्याची एक्झिफ नावाची पद्धत १९९५ पासून आहे. बाहेर पाठवायच्या प्रतीतून तो स्थान काढून टाकू लागला, पण मूळ फाइल तशीच ठेवली, कारण तीच माहिती पुढे त्यांना स्वतःला हवी असणार. फोटोच्या कडा आणि मागची पार्श्वभूमी तपासणे हा त्याने स्वतःला लावून घेतलेला नियम. साठवणीसाठी त्याने अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेले ३-२-१ सूत्र वापरले : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

आईचे पान

चौथ्या पत्रासाठी मुलीने आईबद्दल लिहिले. कपडे घालून पाहताना आईने आरशात न बघता वडिलांच्या फोटोकडे बघितले, त्या संध्याकाळबद्दल. वडील जाऊन सहा वर्षे झाली होती. दीड पानाचा मजकूर होता. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या लिखाणात इतके नितळ मी फार थोडे पाहिले आहे.

नियमाप्रमाणे पान आधी आईकडे गेले. दुसऱ्या दिवशी आईने सांगितले, “हे नको.”

मुलगी रडली. मला आईशी बोलावेसे वाटले. एक नाव बदलू, शेवटच्या ओळी काढू, असे मार्ग मनात तयारच होते, कारण पाने वाचवणे हेच माझे काम. पण ‘कारण विचारायचे नाही’ हा नियम अशाच दिवसासाठी केला होता. पान पत्रात गेले नाही.

त्यावेळी मला राणी व्हिक्टोरियाची रोजनिशी आठवत होती. तिचे लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झाले आणि त्या दिवसाबद्दल तिने मोकळेपणाने लिहून ठेवले. तिच्या मृत्यूनंतर धाकटी मुलगी बिअॅट्रिस हिने आईच्या इच्छेनुसार रोजनिशी काटछाट करत नव्या वह्यांत उतरवली आणि मूळ वह्या नष्ट केल्या. लग्नाच्या दिवसापर्यंतचा मजकूर तुलनेने पूर्ण मिळतो, कारण त्या भागाची आणखी एक नक्कल आधी वेगळी करून ठेवलेली होती. काय बाहेर जाऊ नये हे ठरवणे आणि मूळ पान नष्ट करणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आईने ‘पाठवू नको’ म्हटले होते, ‘फाड’ म्हटले नव्हते. पान दोघांच्या वहीत आहे.

निष्पत्ती

ठरवलेल्या नऊ पत्रांपैकी सात गेली. शेवटची दोन लग्नाच्या गडबडीत राहिली. उत्तरे बावन्न आली, त्यातली बरीचशी हाताने लिहून, फोटो काढून पाठवलेली. एका पत्रासोबत आजीचा तो जुना फोटो पाठवला होता. एका वयस्कर नातेवाइकांनी मागच्या रांगेतल्या पाचांपैकी दोघांची नावे सांगितली आणि त्यातल्या एकाबद्दल पानभर लिहून पाठवले. उरलेले तीन चेहरे अजून अनोळखी आहेत.

पत्रे आणि निवडक उत्तरे यांचे छोटे पुस्तक करायचे लग्नानंतर ठरले. उत्तरे आपल्याला आली म्हणजे ती छापायचा हक्कही आपला, असे मुलाला वाटत होते. तसे नसते. इंग्लंडमध्ये १७४१ साली कवी अलेक्झांडर पोप यांनी प्रकाशक एडमंड कर्ल यांच्याविरुद्ध केलेल्या दाव्यात न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला : पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, मजकूर प्रसिद्ध करण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. म्हणून उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला विचारले. दोघांनी नकार दिला.

पुस्तकाच्या अठ्ठेचाळीस प्रती निघाल्या. आम्लयुक्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकात बसणारा कागद मागितला. छपाईची फाइल पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जपून ठेवायच्या फाइलींसाठीच्या प्रकारची केली. त्यात फॉन्ट फाइलमध्येच बसवलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे तुटली नाहीत.

आत्या लग्नाला आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, मुलीला जवळ घेतले. पत्रांच्या वाचकांत मात्र त्यांनी नाव घालू दिले नाही. “मला प्रत्यक्ष सांगत जा,” म्हणाल्या. पुस्तकही त्यांनी घेतले नाही. दोघांनी आग्रह केला नाही, पण हे त्यांना लागले आहे आणि मलाही.

पुन्हा करायचे झाले तर

वाचकांची नावे लिहिण्याचे काम पहिल्या लेखाच्या आधी, एका संध्याकाळात झाले असते. ते झाले असते तर यादीचा लेख लिहिला गेला असता, पण वहीत.

मुलाने सुरुवातीपासून लिहायला हवे होते. पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या घरात काय घडले याची नोंद वहीत नाही. त्याने नंतर आठवून लिहिले, पण ते तिच्या नोंदींशेजारी फार सपाट वाचले जाते, आणि त्याला स्वतःलाही तसेच वाटते.

लग्नाच्या दिवशी नोंद कोण ठेवणार हे ठरवलेच नव्हते. नवरा-नवरीला त्या दिवशी लिहिता येणार नाही हे उघड होते, तरी आम्ही कुणालाच सांगितले नाही. दोन मैत्रिणींना फक्त पाहायला आणि रात्री पाच-पाच ओळी लिहायला सांगितले असते तरी पुरे होते. मी स्वतः तिथे होते आणि मीही लिहिले नाही. पुस्तकात सात महिन्यांच्या तयारीला सत्तर पाने आहेत आणि लग्नाच्या दिवसाला अडीच.

समारंभाच्या फोटोग्राफरशी केलेल्या करारात पुस्तकात फोटो छापण्याबद्दल काही नव्हते. फोटोंचा हक्क कुणाकडे राहतो हे देशोदेशी वेगळे असते आणि करारावर अवलंबून असते. नंतर विचारावे लागले, परवानगी मिळाली, पण तीन आठवडे गेले. नातेवाइकांनी काढलेल्या फोटोंची अडचण आणखी साधी होती. ते निरोपांतून आलेले, आकार कमी झालेले होते. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापला तर जेमतेम सव्वापाच इंच भरतो. पूर्ण पानाला हवे होते ते मूळ फाइल मागवेपर्यंत काही जणांच्या फोनमधून गेलेही होते.

आणि पावत्या. मुलीने पहिल्या खरेदीपासूनच्या पावत्या वहीत चिकटवल्या होत्या, तारखांसाठी आणि मागे लिहिलेल्या शेऱ्यांसाठी. यंत्रातून निघणाऱ्या बहुतेक पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात आणि त्यांची अक्षरे काळाने, उन्हाने, डिंकानेही उडतात. वर्षभरात निम्म्या पावत्या कोऱ्या झाल्या. त्याच दिवशी फोटो काढून ठेवला असता तर त्या वाचता आल्या असत्या. मागच्या बाजूला पेनने लिहिलेले शेरे आहेत, पण ते आता डिंकाखाली आहेत. पाने न फाडता ते सोडवता येतात का, हे ती सध्या एकेक पान घेऊन पाहते आहे.